पिकअपचा जमाखर्च

शिरोळ, हातकणंगले, मिरज, वाळवा या तालुक्यांतील आपल्या समाजाची बहुसंख्य घरे शेतीवर उभी आहेत, आणि त्यांपैकी पुष्कळ घरांनी शेतीला जोडून थोडा व्यापारही धरला आहे. अशा घराच्या सोप्यासमोर पूर्वी बैलगाडी असे. पुढे ट्रॅक्टर आला, आणि आता तेथे पांढऱ्या रंगाची, पिवळ्या नंबरपाटीची पिकअप उभी असते. पाहुण्यांच्या बैठकीत पाऊसपाणी आणि मुलांची शिक्षणे बोलून झाली की ‘किती टनांची घेतली?’ ही विचारणा हमखास होते. तेव्हा या वाहनाविषयी कुटुंबाच्या मासिकात लिहिणे अप्रस्तुत ठरू नये.

आमचे कुटुंब एकत्र आहे. ऊस, टोमॅटो, ढबू मिरची, थोडी हळद, आणि जयसिंगपुरात खते-बियाण्यांचे एक दुकान. हिशेबाची वही सासऱ्यांनी, म्हणजे आण्णांनी, मी या घरात आल्यानंतर पाचव्या वर्षी माझ्याकडे सोपवली. ती आजतागायत माझ्याकडेच आहे. यंदा पुतण्याने विषय काढला की २०१३ साली घेतलेली सव्वा टन पासिंगची जुनी पिकअप द्यावी आणि दोन टनांची नवी घ्यावी. थोरले भावजी एवढेच म्हणाले, ‘‘आधी वही काय म्हणते ते पाहू.’’ त्यामुळे मला एका पानावर या वाहनाचे गुण आणि समोरच्या पानावर दोष मांडावे लागले.

हे वाहन आपल्याकडे एका दिवसात आले नाही. टाटांचा ४०७ हा छोटा ट्रक १९८६ मध्ये आला आणि दोनच वर्षांनी ‘टाटामोबाइल २०६’ ही पिकअप आली. महिंद्रांच्या पिकअप जीपच्या वंशातल्या. त्या कंपनीने जीपच्या जोडणीपासूनच वाहनउद्योगात पाऊल टाकले होते. २००५ मध्ये ‘टाटा एस’ आली आणि छोट्या भाड्यांचे जग बदलले, परंतु आमच्या काळ्या रानातून, पावसाळी पाणंदीतून माल काढायचा तर तिचा जीव अपुरा पडे. शेतकऱ्याचे मन मोठ्या पिकअपवरच राहिले. २०२२ मध्ये टाटांची ‘योद्धा २.०’ आणि २०२३ मध्ये महिंद्रांची नवी ‘बोलेरो मॅक्स पिकअप’ श्रेणी बाजारात आली आणि भारक्षमता दोन टनांपर्यंत पोहोचली. पुतण्याच्या मनात जे आहे ते याच वर्गातले. आमच्या दारातली कोणत्या कंपनीची, हे सांगण्याचे प्रयोजन नाही. या सर्वांचा सांगाडा इतका सारखा आहे की एकीविषयी बोललेले बहुतांशी दुसरीलाही लागू पडते.

सांगाडा म्हणजे शिडीसारखी पोलादी चौकट, तिच्याखाली मागच्या बाजूस एकावर एक रचलेले पाटे, पुढे डिझेल इंजिन आणि जोर मागच्या चाकांना. रचना जुनी आहे, पण तिच्यात समजूत आहे. मोटारीचे अंग एकसंध असते. पिकअपचा हौदा चौकटीवर नुसता बसवलेला असतो, म्हणून हौद्याला पोचा आला तरी चौकट शाबूत राहते. इंजिनचा वेग बेताचा, परंतु चाक फिरवण्याचा जोर या वर्गात साधारण दोनशे न्यूटन-मीटरच्या घरात असतो, आणि तो मिनिटाला दीड-दोन हजार फेऱ्यांवरच हाती येतो. त्यामुळे भरलेली गाडी ओल्या चढावर पहिल्या गिअरमध्ये कुरकुर न करता निघते. जुन्या गाडीचे काय बिघडले हे गावातला मिस्त्री आवाजावरून सांगे. एप्रिल २०२० पासून बीएस-६ चे नियम लागू झाले. नव्या गाड्यांत धुराची काजळी अडवणारी गाळणी आणि नाना प्रकारचे संवेदक आले, आणि आता मिस्त्रीच्या हातात पान्याआधी संगणक दिसतो. हवेसाठी ते चांगलेच झाले. वहीत मात्र दुरुस्तीचा आकडा वाढतो.

परंतु पिकअपचा खरा गुण तिच्या लोखंडात नाही असे माझे मत आहे. दारात पिकअप नव्हती तेव्हा आमचा माल कधी निघायचा हे भाड्याचा टेम्पोवाला ठरवत असे. टोमॅटो दुपारी तोडून क्रेट बांधावर रचून ठेवायचे आणि वाट पाहायची. तो आधी ज्याचे दहा क्रेट जास्त त्याच्याकडे जाई. संध्याकाळ उलटे, माल ऊन खाई, आणि दुसऱ्या दिवशीच्या बाजारात तोच माल ‘शिळा’ म्हणून खालच्या दराने जाई. शिवाय टेम्पो ज्या बाजाराला निघाला असेल त्याच बाजारात आपला माल जाणार. कोल्हापूरला दर पडला आहे आणि वाशीला बरा आहे हे फोनवर कळूनही हात बांधलेले असत. पिकअप आल्यावर पहिल्याच हंगामात वहीत एक नवी गोष्ट दिसू लागली. एकाच आठवड्यात सांगली, कोल्हापूर आणि वाशी अशा तीन बाजारांच्या पट्ट्या. जयसिंगपूरहून वाशी सुमारे पावणेचारशे किलोमीटर आहे. संध्याकाळी निघालेला माल पहाटेच्या बाजाराला लागतो. दर आपल्या हातात नसतोच, पण बाजार निवडणे हातात आले. या एका गोष्टीचे मोल करायला वहीत रकाना नाही, म्हणून गुणांच्या पानावर मी ती सर्वांत वर लिहिली.

तिची दुसरी उपयुक्तता आपल्या भागाला सांगायला नको. कृष्णा-पंचगंगेच्या काठी राहणाऱ्यांना ऑगस्ट २०१९ चा महापूर आठवत असेल. पाणी गावात शिरण्याआधीच्या दिवसात आमच्या पिकअपने धान्याची पोती, गाद्या, शेजाऱ्यांच्या म्हशींची वैरण, दोन घरांची कपाटे आणि एका आजारी आजींची खाट अशा किती फेऱ्या केल्या याची नोंद मी ठेवली नाही, तेव्हा वही उघडण्याची वेळ नव्हती. उंच बांधणीमुळे ती गुडघाभर पाण्यातून जाई. त्यापुढे मात्र तिची मर्यादा उघड झाली. इंजिनने एकदा पाणी ओढले की संपलेच. तेथून पुढे ट्रॅक्टर आणि होड्या यांचे काम होते. पिकअपचे गुण सांगताना लोक तिला कोठेही जाणारी म्हणतात. ते खरे नाही. ती बरीच दूर जाते आणि मग अचानक थांबते.

मुनिसंघाच्या विहारात चौक्याचे सामान घेऊन पुढच्या मुक्कामी जाणारी गाडीही बहुधा हीच असते. ते एक काम ती जितक्या गुणाने करते तितके दुसरे वाहन करीत नाही, कारण भांडी, शेगडी, पाण्याच्या घागरी, सतरंज्या असले बेडौल सामान हौद्यात कसेही बसते. जाता जाता हेही नोंदवते की कोंबड्यांचे व जनावरांचे भाडे आम्ही घेत नाही. दर चांगला असतो. वहीत ती जमा नाही, एवढेच.

आता समोरचे पान.

जे पाटे दीड-दोन टन पेलण्यासाठी घडवलेले असतात ते रिकाम्या हौद्याला जुमानत नाहीत. भरलेली पिकअप सज्जनासारखी चालते. रिकामी असली की प्रत्येक खड्ड्यावर मागचा भाग उडतो, आणि ओल्या रस्त्यावर जोराने ब्रेक लावला तर हलके झालेले मागचे चाक घसरू पाहते. पहिल्या पावसात, रस्त्यावर उसाची मळी आणि चिखल सांडलेला असताना, हे फार जपावे लागते. आतील बैठकीविषयी तर बोलूच नये. इंजिनची उष्णता पायाशी, खिडकीतून धूळ, आणि तिघे बसले तर मधल्याचा गुडघा गिअरशी. आमचा चालक वाशीहून परत आला की दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्याची पाठ सरळ होत नाही. गाडी निवडताना हौद्याची लांबी फुटपट्टीने मोजणारे लोक चालकाच्या आसनावर पाच मिनिटेही बसून पाहत नाहीत, याचे मला नेहमी नवल वाटते.

रिकामी फेरी हा दुसरा दोष, आणि तो केवळ गाडीचा नाही. वाशीला माल उतरला की परतीचे भाडे मिळेलच असे नाही. मिळाले तरी त्यासाठी एक दिवस थांबावे लागते आणि इकडे तोडणी खोळंबते. डिझेल मात्र दोन्ही बाजूंचे जळते. टोलही दोन्हीकडे. पुतण्या फेरीचा नफा सांगतो तेव्हा तो जातानाचा असतो. वहीत येतानाचाही असतो.

परवान्याची एक बाब दोन टनांच्या विचारात सहसा सुटते. एकूण वजन, म्हणजे गाडी आणि माल मिळून, ३,००० किलोपेक्षा अधिक नसेल तर मालवाहू वाहनाला परमिट लागत नाही. दोन टन पेलणारी गाडी ही रेषा ओलांडते. खर्च फार नाही, पण कागद वाढतात. उलट चालकाच्या परवान्याचा प्रश्न सुटला आहे. हलक्या वाहनाचा परवाना असणाऱ्यास ७,५०० किलोपर्यंतचे मालवाहू वाहन वेगळ्या नोंदीशिवाय चालवता येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला. त्यामुळे घरातील मोटार चालवणारा कोणताही मुलगा उद्या दोन टन टोमॅटो घेऊन निघू शकतो. कायद्याने निघू शकतो. मोटारीच्या सवयीचा पाय भरलेल्या पिकअपच्या ब्रेकवर ठेवणे ही वेगळी विद्या आहे, आणि ती अनुभवी चालकाशेजारी बसूनच येते.

एवढे दोष सोसण्यासारखे आहेत. ज्या दोषासाठी मी समोरचे पान दोनदा लिहिले तो असा, की ही गाडी नाही म्हणत नाही. बैल ओझे जास्त झाले की मान टाकतो. मोटारीची डिकी भरली की भरली. पिकअपला मात्र पासिंगच्या दीडपट भरले तरी ती निघते, चढ चढते, मुक्कामी पोहोचते. पाटे थोडे सरळ होतात इतकेच, आणि त्यावरही गावात तोड आहे. मिस्त्रीकडून एक जादा पाटा टाकून घेतात. पाटा वाढला म्हणून ब्रेक वाढत नाहीत, टायर वाढत नाहीत, मागचा आस वाढत नाही. टायरच्या कडेला त्याची भारमर्यादा आकड्यात छापलेली असते. तो आकडा वाचण्यासाठी फक्त खाली वाकावे लागते. वजन दीडपट झाले की त्याच वेगातून थांबवण्यासाठी दीडपट शक्ती जिरवावी लागते, आणि ती जिरवायची ब्रेकच्या त्याच मूळच्या अस्तरांत. त्यातून क्रेटची रास उंच गेली की वळणावर गाडीचा तोल बाहेरच्या बाजूला झुकतो.

आमच्या घरच्या गाडीवर हे घडत होते हे मला भुईकाट्याच्या पावत्यांवरून कळले. पुतण्या पावत्या एका पत्र्याच्या डब्यात टाकत असे. हिशेबासाठी त्या लावायला घेतल्या तेव्हा सव्वा टनाच्या गाडीवर एक टन आठशे, एक टन नऊशे असे आकडे ओळीने निघाले. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा भारासाठी २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनामागे २,००० रुपये दंड आहे, शिवाय जादा माल उतरवण्याचा खर्चही वाहनमालकाच्याच माथी. एका दंडात दहा फेऱ्यांची कमाई जाते हे मी त्याला कागदावर दाखवले. तो म्हणाला, ‘‘काकी, सगळेच भरतात.’’ हे खरे होते, आणि म्हणून त्यावर बोलणे अवघड होते.

मग आमच्या चालकाने ते सोपे केले. रत्नागिरीच्या एका व्यापाऱ्याला ढबू मिरची आणि टोमॅटो पोहोचवायचे होते. आंबा घाट उतरताना अर्ध्या वाटेत ब्रेकचा वास येऊ लागला आणि पायाखालचा ब्रेक खोल जाऊ लागला. त्याने गाडी खालच्या गिअरमध्ये आणून कशीबशी डोंगराच्या बाजूला घेतली, चाकांखाली दगड लावले आणि तास-सव्वा तास बसून राहिला. काही झाले नाही. माल पोहोचला, पैसेही आले. परत आल्यावर त्याने किल्ली सोप्यातल्या कोनाड्यात ठेवली आणि मला म्हणाला, ‘‘वहिनी, गाडी वढतीया, पर थांबत न्हाई. एवढं वझं घिऊन म्या घाट उतरायचा न्हाई.’’ पुतण्याला तो भित्रेपणा वाटला. मला वाटले, अकरा वर्षांत त्या गाडीविषयी इतके नेमके कोणी बोलले नव्हते.

नव्या गाडीच्या बाजूने पुतण्याचा मुख्य मुद्दा येथूनच निघतो. ‘‘दोन टनांची घेतली की जादा भाराचा प्रश्नच मिटला. आपण भरतो तेवढे तर कायद्यातच बसेल.’’ मुद्दा वजनदार आहे आणि मी तो खोडला नाही. फक्त हप्त्याचा रकाना त्याच्यासमोर ठेवला. जुन्या गाडीचे कर्ज फिटून वर्षे झाली आहेत, त्यामुळे रिकामी राहिली तरी ती कोणाला बोलत नाही. नव्या गाडीचा हप्ता दर महिन्याला बोलणार. टोमॅटोचा दर कोसळलेल्या महिन्यातही बोलणार. अशा वेळी दोन टनांच्या हौद्यात तीन टन भरण्याचा मोह सव्वा टनाच्या हौद्यात दोन टन भरण्याच्या मोहापेक्षा कमी नसतो, आणि घाटात तीन टन हे दोन टनांपेक्षा वाईट.

माझी पुतणी अमेरिकेत टेक्सासमध्ये असते. ही चर्चा फोनवर ऐकून तिने तिथल्या शेजाऱ्याच्या पिकअपचे छायाचित्र धाडले. त्या देशात ही गाडी जुनीच आहे. फोर्डने ‘मॉडेल टी’वर कारखान्यातच हौदा बसवून विकायला १९२५ मध्ये सुरुवात केली. तिथल्या ‘हेवी ड्यूटी’ पिकअप आपल्या गाड्यांच्या कितीतरी पट जोराच्या. एकूण वजनमर्यादा ८,५०० पौंडांच्या पुढे, आणि त्यामुळे इतर मोटारींसारखी इंधनखर्चाची सरकारी चिठ्ठीही त्यांवर लागत नाही. छायाचित्रात तिचा सात वर्षांचा मुलगा त्या गाडीसमोर उभा होता आणि गाडीचे नाक त्याच्या डोक्याच्या वर होते. वाहनसुरक्षेवर काम करणाऱ्या तिथल्या एका विमासंस्थेने २०२३ मध्ये मांडलेला निष्कर्ष मी वाचला होता. ज्यांचे नाक ४० इंचांहून उंच आहे अशा वाहनांची धडक पादचाऱ्याला प्राणघातक ठरण्याची शक्यता ठेंगण्या, उतरत्या नाकाच्या मोटारींपेक्षा सुमारे ४५ टक्क्यांनी अधिक. पुतणीचे म्हणणे असे की शेजारी त्या गाडीतून बहुधा एकटाच कचेरीत जातो. आपल्याकडे अडचण उलटी आहे. येथे हौदा रिकामा राहत नाही, आणि माल नसेल तर त्यात माणसे बसतात. लग्नाचे वऱ्हाड, भांगलणीच्या बायका, यात्रेला निघालेली मंडळी. मालवाहू वाहनाच्या हौद्यात माणसे नेणे कायद्याला मंजूर नाही, आणि फाळका धरून उभ्या असलेल्या माणसाला अचानक लागलेल्या ब्रेकपासून वाचवणारे तेथे काहीही नसते. कुंभोज-बाहुबलीला जाताना आमची पिकअप सामान नेते. माणसे एसटीने किंवा मोटारीने जातात. यावरून घरात पूर्वी रुसवे झाले आहेत आणि पुढेही होतील.

शेवटी ठरले ते असे. नवी दोन टनांची घ्यायची, परंतु अर्ध्याहून अधिक रक्कम आधी भरायची, म्हणजे हप्ता इतका राहील की पासिंगएवढ्याच मालावर महिन्यातल्या सहा फेऱ्यांतून तो निघावा. तेवढे पैसे साठेपर्यंत, म्हणजे यंदाच्या उसाचे बिल येईपर्यंत, थांबायचे. पुतण्याला हे थांबणे जड गेले, पण भावजींनी मान हलवली आणि विषय संपला. जादा पाटा टाकायचा नाही. भुईकाट्याची पावती डब्यात न जाता त्याच दिवशी वहीला चिकटवायची. आणि भार पाहून गाडी नेणार नाही म्हणण्याचा अधिकार चालकाचा, मालकाचा नव्हे. हे शेवटचे कलम मी घातले. चालकाला ते सांगितले तेव्हा त्याने आधी आसन नीट असलेली गाडी घ्या, असे सुचवले. त्याला सोबत घेऊन दोन दुकाने पाहून झाली आहेत.

जुनी गाडी विकायची नाही. दलालाने सांगितलेली किंमत वाईट नव्हती, परंतु पाणंदीतून रानात जायला, खताची पोती आणायला आणि पावसाळ्यात वैरण ओढायला तिच्याइतकी सवयीची गाडी दुसरी नाही. तिच्या फाळक्यावर आण्णांच्या हातचे अक्षर आहे, ते पेंटरकडून पुन्हा रंगवून घेतले. नव्या गाडीच्या फाळक्यावर काय लिहायचे यावर घरात अजून एकमत झालेले नाही.